थंड समुद्राची नांगरट आणि आपलं शेततळं: प्लवंगांची उत्पादकता मोजण्याची कृती

उत्तर अटलांटिकचं पाणी एप्रिल-मेमध्ये वनस्पती प्लवंगांमुळे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींमुळे, हिरवं होतं. त्याच दिवसांत उष्ण कटिबंधातला मधला समुद्र निळाशार असतो, आणि समुद्राच्या बाबतीत निळाशार म्हणजे जवळजवळ पडीक. ऊन इकडं जास्त असताना पीक तिकडं का येतं, हा प्रश्न भूगोलाच्या तासाला हमखास निघतो. मराठवाड्यात समुद्र नाही, पण या प्रश्नाचं उत्तर हाताने करून पाहायला समुद्र लागतही नाही. काचेची छोटी टाकी, बर्फ, मीठ, शिवलेली जाळी, काचेच्या काही बाटल्या आणि जवळचं शेततळं किंवा पाझर तलाव एवढ्यावर काम भागतं. पुढच्या कृती अकरावी-बारावी आणि बीएस्सीच्या प्रात्यक्षिकांसाठी आहेत. शेततळ्यात कटला-रोहू सोडणाऱ्यांना लागणारी मापं शेवटी दिली आहेत.

सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला ठेवू. थंडी म्हणजे खत नव्हे. उलट थंडीत प्लवंगांची वाढ मंदावते. पाण्याचं तापमान १० अंशांनी वाढलं तर वनस्पती प्लवंगांच्या वाढीचा कमाल वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे नुसत्या तापमानावर ठरलं असतं तर बाजी उष्ण समुद्रानेच मारली असती. थंड समुद्र जिंकतो तो वेगळ्या कारणाने. ऊन वरून येतं, पण नत्र आणि स्फुरद खाली साठलेले असतात, कारण मेलेले जीव आणि विष्ठा बुडत जातात आणि खोल अंधारात कुजतात. उष्ण समुद्रात वरचं कोमट, हलकं पाणी झाकणासारखं बसतं आणि खालचं खत वर येत नाही. थंड समुद्रात हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, वादळं त्यात भर घालतात आणि काही शे मीटर खोलपर्यंत सगळं उलथापालथं होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात काळं रान नांगरून ढेकळं वर काढतात, तसं हे पाणी दर हिवाळ्यात नांगरलं जातं. पेरूचा किनारा तर उष्ण कटिबंधातच आहे. पण तिथे किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या वाऱ्यामुळे वरचं पाणी समुद्राकडे ढकललं जातं आणि त्या जागी खालचं थंड पाणी वर येतं, म्हणून अँकोव्हीची प्रचंड मासेमारी तिथे उभी राहिली. पाणी थंड आहे, याचा अर्थ ते खालून आलं आहे. एल निनोच्या वर्षी हे वर येणं कमकुवत होतं आणि मासेही कमी होतात.

टाकीतला समुद्र

३० सेंमी लांब, १५ सेंमी रुंद आणि २० सेंमी उंच काचेची टाकी घ्या. माशांसाठी विकतात तीच चालते. एका भांड्यात ७ लिटर पाण्यात २४५ ग्रॅम मीठ विरघळवा. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे साधारण समुद्राएवढा खारटपणा येतो. मीठ पूर्ण विरघळल्यावरच पाण्याचे दोन भाग करा: साडेचार लिटर आणि अडीच लिटर. साडेचार लिटरचा भाग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो ८ ते १० अंशांवर येतो. सकाळी त्यात निळा खाद्यरंग किंवा निळी शाई मिसळून टाकीत ओता. पाणी १० सेंमी चढेल. दुसरा भाग ३५ अंशांपर्यंत कोमट करा. एप्रिलमध्ये प्रयोग केला तर तापवायचीही गरज नाही, कॅन गच्चीवर ठेवला की काम होतं.

आता निळ्या पाण्यावर भांडी घासायचा सपाट स्पंज तरंगत ठेवा आणि कोमट पाणी त्या स्पंजवर अगदी बारीक धारेने सोडा. घाई केली तर दोन्ही थर मिसळतात आणि सगळं परत करावं लागतं. सव्वादोन लिटर पाणी गेलं की वर ५ सेंमीचा बिनरंगी थर बसतो आणि मध्ये रेघ मारल्यासारखी सीमा दिसते. निळा रंग म्हणजे खोल पाण्यातलं खत असं समजा.

पहिली पायरी वाऱ्याची. टेबलफॅन तिरका लावून १० मिनिटं पाण्यावर वारा सोडा. वरचा थर आतल्या आत फिरतो, सीमेवर थोड्या लाटा उठतात, पण निळा रंग जवळपास जागचा हलत नाही. ही उष्ण समुद्राची बारमाही अवस्था आणि थंड समुद्राची उन्हाळी अवस्था. याला कुळवाची पाळी म्हणता येईल, नांगरट नव्हे.

दुसरी पायरी थंडीची. दीड किलो बर्फ स्टीलच्या दोन उथळ डब्यांत भरा आणि डबे पाण्यावर तरंगत सोडा. बर्फ थेट पाण्यात टाकू नका, कारण बर्फाचं पाणी गोडं असतं आणि ते वरच साचून नवं झाकण तयार करतं. पाच-दहा मिनिटांत डब्याच्या बुडाखालून गार पाण्याच्या बारीक धारा खाली उतरताना दिसतात. मागे पांढरा कागद आणि बाजूने टॉर्च धरला तर त्या स्पष्ट दिसतात. वरचा थर खालच्याइतका गार होत आला की सीमा ढासळू लागते. साधारण पाऊण ते एक तासात निळा रंग पृष्ठभागापर्यंत येतो. तेव्हा पुन्हा पंखा लावा. मघाशी दहा मिनिटांत न जमलेलं काम आता दोन मिनिटांत होतं.

बहुतेकांचा प्रयोग मिठापाशी फसतो. दोन भागांत मीठ वेगवेगळं घातलं आणि तळाचा भाग थोडा जास्त खारट झाला, तर कितीही बर्फ लावा, थर मिसळत नाहीत. वरचा भाग जास्त खारट झाला तर तो ओततानाच बुडतो. मीठ अजिबात वापरलं नाही तरी साध्या बर्फाने प्रयोग होतो, पण गोडं पाणी ४ अंशांच्या खाली गेलं की उलट हलकं होतं. समुद्राचं पाणी मात्र गोठेपर्यंत, म्हणजे उणे १.९ अंशांच्या आसपासपर्यंत, जड होतच राहतं. समुद्राची नांगरट इतकी खोल जाते त्यामागे हेही कारण आहे.

जमलं तर तिसरी पायरीही करा, मराठवाड्याशी तिचा थेट संबंध आहे. टाकी पुन्हा भरा, पण या वेळी वरचा थर बिनमिठाचा ठेवा आणि मग बर्फाचे डबे सोडा. तास उलटला तरी निळा रंग खालीच राहतो. बंगालच्या उपसागराचं हेच दुखणं आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, आणि नाथसागरातून, विष्णुपुरीतून पुढे जाणारी आपली गोदावरी, या सगळ्यांचं गोडं पाणी तिथे वर पसरतं. त्यामुळे अरबी समुद्राच्या तुलनेत त्याची उत्पादकता कमी राहते. उत्तर अरबी समुद्रात मात्र डिसेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडून येणारा कोरडा, गार वारा वरचं पाणी थंड करतो, पाणी ढवळलं जातं आणि प्लवंग फुलतात. आर्क्टिकचा मधला भाग बर्फाळ असूनही कमी उत्पादक आहे, त्याचंही एक कारण वरचं गोडसर पाणी हेच. दुसरं कारण बर्फाखालचा अंधार.

टाकीत न दिसणारी गोष्ट म्हणजे उजेड. भर हिवाळ्यात पाणी इतकं खोल ढवळतं की प्लवंगांचा बराचसा वेळ अंधारात जातो. मग वसंतात दिवस मोठा होतो, ढवळण उथळ होतं, आणि खत तर आधीच वर आलेलं असतं. हा हिशेब समुद्रवैज्ञानिक हाराल्ड स्वेरड्रुप यांनी १९५३ मध्ये मांडला. २०१० मध्ये मायकेल बेहरेनफेल्ड यांनी त्याला आव्हान दिलं. त्यांच्या मते वाढीची सुरुवात हिवाळ्यातच होते, कारण खोल ढवळणाने प्लवंग खाणारे जीवही विरळ होतात आणि खाणाऱ्या-खाद्याची गाठ कमी पडते. हा वाद मुलांना जरूर सांगा. खाणाऱ्यांचा हिशेब किती महत्त्वाचा असतो ते पुढच्या कृतीत दिसेलच.

जाळी आणि तबकडी

जाळीसाठी ६४ मायक्रॉन छिद्राचं नायलॉनचं बोल्टिंग कापड प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानातून मागवा. ओढणी, साडीचं वॉइल, पायमोजे यांवर वेळ घालवू नका. त्यांची छिद्रं ताणली की बदलतात आणि मग आकड्यांना अर्थ उरत नाही. वेल्डिंगच्या दुकानात ५ मिमी सळईचं ३० सेंमी व्यासाचं कडं करून घ्या. कापडाचे दोन तुकडे कापा: वर ४९ सेंमी, खाली १० सेंमी, लांबी ९० सेंमी. यात शिवणीसाठी दोन्ही बाजूंना मिळून २ सेंमी धरलेले आहेत. वरची कड किंचित गोलाई देऊन कापा, सरळ कापली तर जाळी कडेला लोंबते. शिवण दुहेरी आणि बाहेरच्या बाजूला घाला, नाहीतर जीव आतल्या घडीत अडकतात. कड्याला जाळी थेट शिवू नका, मध्ये जाड खाकी कापडाची १० सेंमीची पट्टी द्या. खालच्या तोंडाला १०० मिलीची बाटली गॅस पाइपला लावतात तशा क्लिपने आवळा. कड्याला सारख्या अंतरावर तीन दोऱ्या बांधून त्या वर एका गाठीत आणा आणि कड्याखाली अर्धा किलो वजन बांधा.

थंड समुद्रात कॅलॅनससारखे २ ते ४ मिमीचे कोपेपॉड (झिंग्यांचे बारीक नातलग) पकडायला २०० मायक्रॉनची, ५७ सेंमी व्यासाची जाळी वापरतात. तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटर असतं. आपल्या तळ्यातले सायक्लॉप्स, मोइना आणि ब्राकिओनस हे प्राणी प्लवंग त्याहून बारीक, म्हणून आपली जाळीही बारीक.

कागदावरचा हिशेब सोपा आहे. ३० सेंमीच्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस मीटर, १० मीटर ओढलं तर ७०० लिटर पाणी गाळलं गेलं. प्रत्यक्षात हिरव्या पाण्यात ६४ मायक्रॉनची जाळी चार-पाच मीटरमध्येच तुंबते आणि पाणी तोंडावरून परत फिरतं. म्हणून शेततळ्यात ओढण्यापेक्षा मोजून ओतणं खात्रीचं. १० लिटरच्या पाच बादल्या जाळीतून गाळा, बाहेरून पाणी मारून चिकटलेलं खाली उतरवा आणि बाटलीत जमलेलं ५० मिलीपर्यंत भरा. त्यातला १ मिली सेजविक-राफ्टर मोजणी पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. १ मिलीत १२० जीव दिसले तर १२० गुणिले ५०, भागिले ५०, म्हणजे लिटरला १२०. याच बाटलीत ल्युगॉलचं आयोडीन फिकट चहाचा रंग येईपर्यंत थेंब-थेंब घाला, नमुना टिकतो. ते १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ५ ग्रॅम आयोडीन विरघळवून बनतं. आयोडाइड आधी विरघळवा, नाहीतर आयोडीन तळाशीच राहतं. जाळी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

एक अट मात्र कटाक्षाने पाळा: नमुना दर वेळी त्याच वेळेला घ्या. प्राणी प्लवंग दिवसा खाली उतरतात आणि रात्री वर येतात, समुद्रातही आणि तळ्यातही. एक नमुना सकाळी आठचा आणि दुसरा दुपारी दोनचा असेल तर त्यांतला फरक तुम्हाला तळ्याबद्दल काहीच सांगत नाही.

पारदर्शकता मोजायची तबकडी पत्र्याची कापा, २० सेंमी व्यासाची, चार भाग करून आळीपाळीने काळा आणि पांढरा ऑइलपेंट द्या. आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात ही पद्धत वापरली. समुद्रात सहसा ३० सेंमीची पूर्ण पांढरी तबकडी वापरतात. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, सावलीच्या बाजूने सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी घ्या. प्रकाशसंश्लेषणापुरता उजेड साधारण या खोलीच्या अडीच ते तीन पट खाली पोचतो.

पावसाळ्यात हे माप फसवतं. काळ्या मातीचा गाळ आला की तबकडी १५ सेंमीवर दिसेनाशी होते आणि प्लवंग मात्र नावाला नसतात. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन रात्रभर ठेवा. बराचसा गाळ तळाशी बसतो, प्लवंग बरेचसे तरंगत राहतात. काळी माती अतिबारीक असेल तर तीही तरंगते, मग सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहण्याला पर्याय नाही.

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यावर एकट्याने जाऊ नका. ओल्या अस्तरावर पाय ठरत नाही आणि पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. काठावर खुंटा ठोकून गाठी मारलेला दोर पाण्यात सोडलेला असावा, हवा भरलेली ट्यूब हाताशी असावी आणि विद्यार्थ्यांनी नमुना काठावरून, दोर लावलेल्या बादलीनेच घ्यावा.

उजेडाची बाटली, अंधाराची बाटली

आत्तापर्यंत मोजलं ते पाण्यात किती प्लवंग आहेत. पण पातेल्यात दूध किती उरलं यावरून म्हैस किती देते ते कळत नाही, घरात पिणारी तोंडं किती हेही बघावं लागतं. इंग्लिश खाडीत काही वेळा वनस्पती प्लवंगांपेक्षा त्यांना खाणाऱ्यांचंच वजन जास्त भरतं, कारण वनस्पती प्लवंग तयार होतात तसे खाल्ले जातात. उत्पादकता म्हणजे वेग. तो मोजायची पद्धत थंड समुद्रातच रुजली: गार्डर आणि ग्रान यांनी ऑस्लोच्या फ्योर्डमध्ये केलेलं काम १९२७ मध्ये प्रसिद्ध झालं. आज शाळेच्या प्रयोगशाळेत ती जशीच्या तशी करता येते.

३०० मिलीच्या काचेच्या, घट्ट बुचाच्या सहा बीओडी बाटल्या (पाण्याच्या तपासणीत ऑक्सिजन मोजायला वापरतात त्या) घ्या. दोन बाटल्यांना अॅल्युमिनियम फॉइलचे दोन थर आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळा, बुचासकट. एका स्वच्छ बादलीत तळ्याचं पाणी घ्या आणि सहाही बाटल्या त्याच पाण्याने भरा. रबरी नळी बाटलीच्या तळापर्यंत नेऊन पाणी भरा आणि बाटलीच्या दुप्पट पाणी वाहून जाऊ द्या, एकही बुडबुडा आत राहता कामा नये. दोन बाटल्यांतला ऑक्सिजन लगेच जागेवरच (खाली दिलेल्या विंकलर पद्धतीची पहिली दोन द्रावणं घालून) बांधून टाका, ही सुरुवातीची मोजणी. दोन उजेडाच्या आणि दोन अंधाराच्या बाटल्या बांबूला आडव्या बांधून, पाणी घेतलं त्याच खोलीवर टांगा. आडव्या यासाठी की बुचाची सावली पडू नये. सकाळी दहाला टांगून दुपारी दोनला काढा.

ऑक्सिजन विंकलर पद्धतीने मोजा. बाटलीत मँगेनस सल्फेटचं द्रावण २ मिली आणि अल्कली आयोडाइडचं २ मिली सोडा, पिपेटचं टोक पाण्याच्या आत ठेवून. बुच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढरा आला तर नाही. साका अर्धा खाली बसला की २ मिली तीव्र गंधकाम्ल घाला. साका विरघळून पिवळा-तांबूस रंग येतो. त्यातलं २०० मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करा. रंग फिकट पिवळा झाल्यावर स्टार्च घाला, निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेट सोडा. जेवढे मिली लागले तेवढे मिलिग्रॅम ऑक्सिजन लिटरमध्ये. थायोसल्फेट लिटरला ६.२०५ ग्रॅम या प्रमाणात बनवतात आणि ते दिवसेंदिवस कमजोर होतं. महिन्यापूर्वीच्या बाटलीवर विश्वास ठेवून काढलेले आकडे फुगलेले येतात, म्हणून प्रत्येक वेळी त्याची ताकद तपासून घ्या. आम्लाचं काम शिक्षकांनीच, हातमोजे आणि चष्मा घालून करावं.

नमुन्यादाखल हिशेब असा: सुरुवातीला ६.४, उजेडात ९.२, अंधारात ५.६ मिलिग्रॅम. उजेडातून अंधार वजा केला की एकूण उत्पादन ३.६, चार तासांत. म्हणजे तासाला ०.९ मिलिग्रॅम ऑक्सिजन. सुरुवातीतून अंधार वजा केला की श्वसन, तासाला ०.२. दोन्हींतला फरक निव्वळ उत्पादन, ०.७. कार्बनमध्ये बदलायचं तर ०.९ ला ०.३७५ ने (कार्बनचे १२ भागिले ऑक्सिजनचे ३२) गुणा आणि १.२ ने (प्रकाशसंश्लेषण गुणांक) भागा. ०.२८ येतं, म्हणजे घनमीटरला तासाला २८० मिलिग्रॅम कार्बन.

मराठवाड्यातली मुख्य अडचण अशी: ३० अंशांच्या गोड्या पाण्यात समुद्रसपाटीला जेमतेम ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. छत्रपती संभाजीनगर, बीड, लातूरचा भाग ५००-६०० मीटर उंचीवर, तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे सातच्या आसपास. वरच्या उदाहरणातले ९.२ म्हणजे पाणी ऊतू जाण्याच्या बेतात आहे. थोडा वेळ जास्त ठेवलं की उजेडाच्या बाटलीत बुडबुडे धरतात, बुच काढताना ते निसटतात आणि उत्पादन खोटं कमी दिसतं. गर्द हिरव्या पाण्यात चार तासही जास्त होतात, दोनच ठेवा. ५ अंशांच्या गोड्या पाण्यात १२.८ मिलिग्रॅम मावतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात त्याहून कमी, तरी थंड समुद्राला ही सवलत मोठी आहे: तिथे माशांना श्वासाची चणचण सहसा पडत नाही. मात्र खुल्या, विरळ समुद्रात चार तासांत ऑक्सिजनचा फरक मोजताच येत नाही. म्हणून १९५२ मध्ये स्टीमन निल्सन यांनी कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनची पद्धत आणली.

अंधाराच्या बाटलीत सुरुवातीपेक्षा जास्त ऑक्सिजन निघाला तर फॉइल फाटलं आहे किंवा बाटल्यांची अदलाबदल झाली आहे. दोन जुळ्या बाटल्यांत अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त फरक आला तर एकीत मोठा जीव अडकलेला असू शकतो. पाणी भरण्याआधी २०० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून घेतलं की ही कटकट टळते.

कमी काय पडतंय

अल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं की समुद्रातल्या प्लवंगांत आणि खोल पाण्यात नत्र-स्फुरदाचं प्रमाण जवळपास ठरलेलं असतं. पुढे ते कार्बन, नत्र, स्फुरद १०६:१६:१ असं रूढ झालं. हे अणूंचं प्रमाण आहे. वजनात नत्र-स्फुरद साधारण ७:१ होतं. आपल्या पाण्यात यातलं काय कमी आहे ते पाहायला एक लिटरच्या चार पारदर्शक बाटल्या लागतात. तळ्याचं पाणी ६४ मायक्रॉनच्या जाळीतून गाळून चारही भरा. गाळलं नाही तर डॅफ्निया नवी वाढ तिथल्या तिथे फस्त करतो आणि काहीच झालं नाही असं वाटतं.

एक लिटर पाण्यात २.२ ग्रॅम युरिया, दुसऱ्या लिटरमध्ये ०.६ ग्रॅम ०:५२:३४ (स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत). ठिबकमधून सोडतात तेच खत, फक्त वजन सोनाराच्या काट्यावर करा. पहिल्या बाटलीत काही नाही, दुसरीत १ मिली युरियाचं द्रावण, तिसरीत १ मिली ०:५२:३४ चं, चौथीत दोन्ही. एवढ्याने लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम नत्र आणि ०.१४ मिलिग्रॅम स्फुरद पडतं. बुचं सैल ठेवा, उत्तरेच्या खिडकीत उजेडाला ठेवा, रोज दोनदा हलवा. थेट उन्हात ठेवलेली बाटली दुपारी इतकी तापते की वाढ थांबते. पाच ते सात दिवसांत मागे पांढरा कागद धरून रंग पाहा, मग गाळणकागदावर गाळून डागांची तुलना करा. नुसत्या स्फुरदाची तिसरी बाटलीही चौथीसारखी हिरवी झाली तर कमतरता स्फुरदाची. चौथीच हिरवी झाली तर दोन्ही सोबत कमी आहेत. चारही सारख्याच वाढल्या तर खत पुरेसं आहे आणि अडसर उजेडाचा आहे.

लोहाची पाचवी बाटली करून पाहावीशी वाटेल, पण बेसाल्टच्या प्रदेशात, काळ्या मातीच्या काठावर लोहाला तोटा नाही, फरक दिसण्याची शक्यता कमीच. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात मात्र मोठ्या भागात नत्र-स्फुरद भरपूर असूनही प्लवंग कमी असतात, कारण जमीन दूर आणि लोह नगण्य. २००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘लोहाफेक्स’ प्रयोगात तिथे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात ६ टन विरघळलेलं लोह सोडलं. प्लवंग वाढले, पण त्या भागात सिलिका कमी असल्याने डायटम फुलले नाहीत. डायटम या वनस्पती प्लवंगांना सिलिकेचं कवच असतं. जे वाढले ते कोपेपॉडनी चरून टाकले आणि फारसा कार्बन खोल गेला नाही. एक कमतरता भरून काढली की दुसरी पुढे येते. युरियाच्या बाटलीत काही न घडण्याचं कारण बहुधा हेच असतं.

शेततळ्यात मासे असतील तर

कटला वरच्या थरातले प्राणी प्लवंग खातो, म्हणून त्याची वाढ थेट जाळीतल्या मोजणीशी जोडलेली आहे. ५० लिटर पाणी गाळून जमलेले प्लवंग मोजनळीत बसू दिल्यावर १ ते २ मिली भरले तर खाद्य ठीक आहे. तबकडी २५ ते ४० सेंमीवर दिसेनाशी व्हावी. त्याहून खोल दिसत राहिली तर शेणखत द्या: सुरुवातीचा डोस हेक्टरी २ टन, म्हणजे ३० बाय ३० मीटरच्या तळ्याला सुमारे १८० किलो. तेही एकदम न देता चार हप्त्यांत, पोत्यात भरून काठाला बुडवून ठेवा. नुसतं ओतलं तर तंतू ठिबकच्या फिल्टरमध्ये जातात. हिरवं पाणी ठिबकला सोडायचंच असेल तर सँड फिल्टर आणि जाळीचा फिल्टर दोन्ही हवेत, आणि ते रोज उलटं पाणी मारून धुवा.

२० सेंमीच्या आत तबकडी दिसेनाशी झाली की खत बंद करा. उन्हाळ्यात वाऱ्याच्या दिशेच्या काठाला हिरव्या रंगासारखी साय जमली तर ते बहुधा मायक्रोसिस्टिस हे नील-हरित शेवाळ. ही साय मोरचुदाने एका दिवसात मारायला जाऊ नका. मेलेले प्लवंग कुजताना सगळा ऑक्सिजन खातात आणि मासे दोन दिवसांत मरतात. साय बारीक जाळीने काढा आणि पाणी थोडं-थोडं बदला.

ऑक्सिजन दुपारी मोजून समाधान मानू नका. दुपारी तो सगळ्यात जास्त असतो. रात्रभर प्लवंग स्वतःच श्वास घेतात, त्यामुळे खरी कसोटी पहाटे पाच ते सहाच्या दरम्यान. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला किंवा मासे तोंड वर काढू लागले तर लगेच एरिएटर लावा, नसेल तर पंपाने त्याच तळ्यातलं पाणी उंचावरून फवारत परत सोडा. दोन दिवस आभाळ राहिलं की तिसऱ्या पहाटे मोजणी चुकवू नका, कारण ढगाळ दिवसांत भर पडत नाही आणि खर्च तेवढाच राहतो.